पोऱ्या रडतो म्हणजे दूध आटलं असं नाही

पत्र यावल तालुक्यातून आलंय. थोडं आखडतं घेऊन देते:

"मावशी, माझा मुलगा पावणेदोन महिन्यांचा आहे, पहिलाच. बाळंतपण माहेरी धुळ्याला झालं. सवा महिन्यानं सासरी आले. पाजायला घेतलं की पहिलं एक-दोन मिनिट तो नीट ओढतो, मग एकदम ठसका लागतो, पाठ ताणून मागे होतो, रडतो, परत तोंड लावतो, परत सोडतो. तिकडे दुसऱ्या बाजूनं माझा ब्लाउज भिजून जातो. शी हिरवट, फेसाळ होते. माहेरी हे थोडं होतंच, इथे आल्यापासून वाढलं. संध्याकाळी सहा ते नऊ तर विचारूच नका. सासूबाई म्हणतात, 'माय वं, पोऱ्याले दूधच पुरस नही.' शेजारच्या काकूंनी पावडरच्या डब्याचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलंय. जन्माचं वजन २ किलो ८०० होतं, दीड महिन्याच्या लशीला ४ किलो १०० भरलं. माझंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलंय. डबा आणू का? आणि अजून एक. रविवारी घरचे सगळे शेतात भरीत खायला गेले. मला म्हणाले, तू नको खाऊ, बाळाला वात होईल. खरंच होतो का?"

पोरी, डबा आणू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी काकूंची चिठ्ठी फडताळातच राहू दे.

पत्र वाचताना मी पेन्सिलीनं तीन ठिकाणी खुणा केल्या. ठसका, भिजलेला ब्लाउज आणि ४ किलो १००. आधी वजनाचं बघू, कारण काटा कुणाची भीड ठेवत नाही. जन्मल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत बाळ थोडं उतरतंच, आणि दहा ते चौदा दिवसांत परत जन्माच्या वजनाला येतं. म्हणजे तुझ्या मुलानं साधारण महिनाभरात १३०० ग्रॅम कमावले, दिवसाला चाळीसच्या आसपास. या वयाचं बाळ दिवसाला २५-३० ग्रॅमनं वाढलं तरी कार्ड बघणारी नर्स खूश असते. दूध न पुरणारं मूल असं वाढत नाही. ते मलूल असतं, छातीशी तासतासभर चोखत राहतं, मधेच झोपून जातं, आणि लंगोट कोरडे राहतात. तू एक दिवस लंगोट मोज. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, ती फिकट असेल, तर दूध पुरतंय.

मग रडतो कशाला? मी नर्स होते, तेव्हा अशा वेळी आम्ही ड्यूटीवर आईला एकच प्रश्न विचारायचो. बाळ पाजताना नेमकं *कधी* रडतं? तोंड लावायच्या आधीच, दोन मिनिटांनी, की शेवटी? तू ते आपणहून लिहिलंस, म्हणून माझं काम सोपं झालं.

बाळानं ओढायला सुरुवात केली की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. दुधाच्या ग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू त्यानं आवळले जातात आणि साठलेलं दूध पुढे ढकललं जातं. आपल्या आज्यांकडे याला एकच शब्द होता, पान्हा. पान्हा दोन्ही बाजूंना एकदम येतो, म्हणून बाळ डावीकडे पीत असताना तुझा उजवीकडचा ब्लाउज भिजतो. ओढायला लागल्यापासून तो यायला साधारण एक-दोन मिनिटं लागतात. बरोबर तेव्हाच तुझ्या मुलाला ठसका लागतो. तू तर केळीच्या पट्ट्यात राहतेस. कोवळ्या रोपाला कुणी मोटारीचा पाइप अंगावर सोडत नाही, ठिबक लावतात. तुझ्या मुलाच्या तोंडात पाइप सुटतोय. तो पाठ ताणून मागे होतो ते जीव वाचवायला. भूक असतेच, म्हणून परत येतो. परत धार येते, परत मागे. बघणाऱ्याला वाटतं की दूध येत नाही म्हणून चिडलाय.

हिरव्या फेसाळ शीचं कारणही बहुधा तेच. दूध भरपूर आणि भरभर गेलं की सुरुवातीचं पातळ, साखरेचं दूध पोटात जास्त जातं, आतड्यांतून झपाट्यानं पुढे सरकतं, गॅस होतो. बाळ वाढतंय, खेळतंय, तर नुसत्या हिरव्या रंगाला घाबरू नकोस. शीत रक्त किंवा चिकट आव दिसली तर मात्र दाखवायचं.

आता करायचं काय. एक बाई आठवते, चाळीसगावकडची. लोखंडी कॉटवर मांडी घालून, पाठीत वाकून, बाळावर ओणवी झाली होती. बहुतेक नव्या आया अशाच बसतात. वरून दूध कोसळतंय, खाली बाळ गटांगळ्या खातंय. मी गादी दुमडून भिंतीला लावली आणि तिला मागे रेलायला सांगितलं, दुपारी जेवून पेपर वाचत आजोबा रेलतात तसं. बाळ तिच्या पोटावर पालथं, पोटाला पोट. आता दुधाला वर चढून जायचं होतं. बाळानं दोनदा नाक घासलं, तोंड उघडलं, लागलं. मी त्याचे हात बघत होते. घट्ट मुठी होत्या. पाचेक मिनिटांनी एक मूठ सैल झाली, मग बोटं उघडून आईच्या छातीवर पसरली. भुकेलं मूल मूठ वळून असतं, पोट भरत आलं की हात उघडतो. घड्याळापेक्षा माझा त्या हातावर जास्त विश्वास आहे.

तू बाजेवर उशा लावून असंच रेल. पान्हा यायला लागला की छातीत चुरचुरतं, टोचल्यासारखं होतं, तुला एव्हाना ते कळत असेल. त्या क्षणी करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकव, पकड सुटेल. तसंच ओढून काढू नकोस, बोंडाला चीर पडते. उसळणारी धार दुपट्यात जाऊ दे. धार थेंबांवर आली की परत लाव. मधे एकदा उभं धरून ढेकर काढ. रात्री कुशीवर झोपून पाजलंस तरी चालेल, जास्तीचं दूध त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर ओघळतं.

एका वेळी एकच बाजू पूर्ण पाज, दुसरी पुढच्या वेळी. दुसरी बाजू दगडासारखी दाटली तर हातानं थोडं काढ, पण हलकं वाटेपर्यंतच. पूर्ण रिकामी केलीस तर शरीर समजतं की एवढी मागणी आहे, आणि उद्या तेवढंच बनवतं. काही जणी सांगतील की सहा-सहा तास एकच बाजू द्यायची. ते आपल्या मनानं करू नकोस, त्यात दूध खरंच आटू शकतं. त्यासाठी समोर बसून कुणी जाणत्यानं सांगायला हवं. बहुतेकींचं दूध दोन-तीन महिन्यांत बाळाच्या गरजेएवढं आपोआप बेतात येतं, बाळही धार सांभाळायला शिकतं.

पकडही एकदा बघून घे. तोंड जांभईएवढं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, बोंडाभोवतीचा काळा भाग खालून कमी आणि वरून जास्त दिसतोय, आणि तुला दुखत नाही. पिताना 'टक्‌ टक्‌' असा आवाज येत असेल तर पकड सुटते आहे.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, पण जानेवारी आहे आणि घर खान्देशातलं आहे, म्हणून विचारते. खोलीत धुरी चालू आहे का? गोवरीचा निखारा, वर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, आणि थंडी म्हणून दारंखिडक्या बंद? माहेरी कमी असेल, इथे दोन वेळा होत असेल. या वयाचं बाळ मुख्यतः नाकानं श्वास घेतं. नाक चोंदलं की त्याच्यापुढे पेच पडतो, दूध ओढायचं की श्वास घ्यायचा. मग तो दोन घोट घेतो, सोडतो, रडतो. धुरानं नाक अजून चोंदतं, आणि बंद खोलीत निखाऱ्याचा विषारी वायू तुम्हा दोघांच्या जिवावर बेतू शकतो. वास आवडत असेल तर ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी करा, पण निखारा खोलीबाहेर. नाक खुरखुरत असेल तर मेडिकलमध्ये सलाइनचे नाकात घालायचे थेंब मिळतात, पाजायच्या थोडं आधी एकेक थेंब. नाकात तेल घालू देऊ नकोस. ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं. टाळूवर काय लावायचं ते लावू देत, नाकात नाही.

आणि ते टोपरं, स्वेटर, मोजे, वर दोन दुपटी, त्यावर तुझा पदर. आत तो घामाघूम होत असणार. पाजताना टोपरं काढ, त्याला तुझ्या अंगाशी घे, आणि दोघांवर मिळून एक गोधडी ओढ.

संध्याकाळच्या रडण्याचं कारण वेगळं आहे. त्याचा त्या जोरदार धारेशी फारसा संबंध नाही. दिवेलागणीला किरकिर करणं या वयात जवळजवळ सगळ्याच मुलांत असतं. सहा आठवड्यांच्या सुमारास ते कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. या वेळी धार बऱ्याचदा मंद असते आणि बाळ अर्ध्या-अर्ध्या तासानं मागतं. मागितलं की द्यायचं. यालाही लोक दूध कमी पडणंच म्हणतात. तुझ्या घरात सहा ते नऊ म्हणजे टीव्हीवर मालिका, चुलीवर फोडणी, शेतातून आलेली माणसं, आणि बाळ बघायला आलेल्या बाया. त्यात सहा जणींच्या देखत तू पदराखाली पाजतेस आणि प्रत्येकीकडे एक सूचना तयार. पान्हा लाजरा असतो. दुखणं, भीती, संकोच, यानं तो अडतो. तुझ्या नवऱ्याला माझ्या नावानं सांग, या तीन तासांत दिवा मंद केलेली एक खोली तुमची दोघांची, आणि दाराशी पहारा त्याचा. रडून लाल झालेलं बाळ छातीला लावू नकोस, ते लागत नाही. आधी खांद्यावर घेऊन फेऱ्या मार, शांत झालं की लाव, चालत चालत पाजलंस तरी चालतं. खरं तर रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी तो तोंडात मूठ घालतो, मान वळवून शोधतो, ओठ चुटचुट करतो. तेव्हाच उचललंस तर निम्मी लढाई टळते.

(संक्रांत आलीच आहे. बोरन्हाणाची हौस घरात असणारच. ती काही चौदा तारखेलाच व्हायला हवी असं नाही, रथसप्तमीपर्यंत मुभा असते. सकाळी उरका, संध्याकाळी नको. चुरमुरे चार, पोरं कमी, आणि हलव्याचे दागिने फोटोपुरते. तोंडात तिळाचा दाणासुद्धा नको.)

आता डब्याचं. माझी थोरली १९८४ सालची. मी स्वतः नर्स, दिवसभर बायांना अंगावर पाजा म्हणून सांगायची. ड्यूटी सुरू झाली, आणि पोर संध्याकाळी रडते म्हणून एका आत्याच्या सांगण्यावरून मीच बाटली लावली, संध्याकाळची एकच. बाटलीला ओढावं लागत नाही, ती आपोआप गळते. पंधरा दिवसांत पोर छातीशी चिडायला लागली, मग दुपारचीही बाटली आली. जेवढं ओढणं कमी, तेवढं दूध कमी. चौथ्या महिन्यात माझं दूध संपलं. पोर ठणठणीत वाढली, आज तिला स्वतःची मुलं आहेत. तेव्हा वरच्या दुधावर वाढवणाऱ्या आईला मी नावं ठेवणार नाही, काही घरांत डॉक्टरच सांगतात आणि तिथे ते लागतंच. पण माझ्या वेळी कारण नव्हतं, आणि तुझ्याकडेही नाही. आपल्याकडे १९९२ सालचा कायदा आहे, या डब्यांची जाहिरात करायला बंदी आहे. शिवाय आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, हे खुद्द डब्यावर छापावं लागतं. काकूंना चिठ्ठी परत देताना ते सांगायला हरकत नाही.

गुटी, ग्राइप वॉटर, मधाचं बोट, यांतलं काही नको. मध तर वर्षभर नकोच, त्यातून लहान बाळाला बॉट्युलिझम नावाचा जीवघेणा आजार होऊ शकतो. तुझा मुलगा मेच्या मध्यात सहा महिन्यांचा होईल. म्हणजे ऐन एप्रिलात, पारा चाळीस ओलांडून पुढे गेला की कुणीतरी वाटी-चमचा घेऊन येईलच, घोटभर पाणी पाजा म्हणून. तेव्हाही नाही. अंगावरच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागेल, तेवढ्या वेळा दे, आणि पाणी तू पी.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्या काळात वजनकाटा घरात कुणी पाहिला होता? बाळ रडलं म्हणजे उपाशी, एवढंच मोजमाप हाताशी होतं. त्यांना कार्डावरचे दोन आकडे दाखव. आणि त्यांना काम दे. ढेकर काढण्याइतकं सुंदर काम आजीला दुसरं नाही. खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवत त्या अर्धा तास गाणी म्हणतील, आणि तेवढा वेळ तू डोळे मीटशील.

पत्रावरून मूल तपासता येत नाही, म्हणून हे नीट वाच. अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, बाळ मलूल, उठवूनही पीत नाही, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, छाती आत ओढली जाते, हिरवी उलटी किंवा प्रत्येक वेळी लांब फेकल्यासारखी उलटी, टाळू खोल गेलेली, शू अगदी कमी, झटके. यांतलं एकही दिसलं तर मावशीच्या उत्तराची वाट बघायची नाही, रात्र असो की पहाट, १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. जिभेवर पुसून न निघणारे पांढरे चट्टे असतील, पाजताना कान ओढून किंचाळत असेल, किंवा जीभ बाहेर येतच नसेल, तर एक-दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञांना दाखव. काहीच नसलं तरी ठसक्याचं एकदा त्यांच्या कानावर घालच.

अजून एक बारीक गोष्ट. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात, आणि तू नेमकं त्याच सुमाराला गाव बदललंस. धुळ्याच्या यादीतून सुटलीस, इथल्या यादीत बहुधा आलीच नाहीस. सासरच्या आशाताईंना निरोप पाठव, कार्ड दाखव, आणि दर पंधरा दिवसांनी अंगणवाडीत वजन करून घे. लशीनंतर एक-दोन दिवस तो जास्त किरकिरला असेल, तर ते लशीचं, तुझं नव्हे.

'माझंच काहीतरी चुकतंय' हे वाक्य तू लिहिलंस. थकून लिहिलं असशील. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन बसलेलं असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, उगाच रडू येत असेल, तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस म्हणतात, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावं असा विचार मनात आला, तर त्याच क्षणी घरात सांग आणि दवाखान्यात जा. बाळंतपणानंतर कित्येकींना हे होतं, औषधानं आणि बोलण्यानं बरं होतं.

राहिलं भरीत. वांग्यानं वात झाला तर तुझ्या पोटात होईल. तुझ्या आतड्यातला गॅस दुधात उतरत नाही, दूध रक्तातून बनतं. लसणाचा वास, मसाल्याची चव थोडी उतरते, आणि त्याचं मुलांना सहसा काही वाटत नाही. तुझ्या जेवणातल्या एखाद्या ठरावीक पदार्थानंतर दर वेळी त्रास होतोय असं स्पष्ट दिसलं तर डॉक्टरांशी बोल, उगाच ताटातलं एकेक कमी करत जाऊ नकोस. पाजणाऱ्या बाईला भूक लागते.

बामणोदची वांगी आहेत, हंगाम आहे, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या भरताला संक्रांतीनंतर ती चव राहत नाही. येत्या रविवारी निघायच्या आधी मुलाला पाज, आणि तूही शेतात जा. केळीच्या पानावर पुऱ्या आणि भरीत वाढून घे, कांद्याची पातही घे. मिरची बेतानं, ती तुझ्या पोटासाठी. तेवढा वेळ पोऱ्या राहील सासूबाईंच्या खांद्यावर.